‘चांगला विचार करा’ एवढं सांगायचे पैसे?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे, सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करणारा मानसोपचार) म्हणजे ‘चांगला विचार करा’ सांगून पैसे घेणं. चिंता जाते ती गोळ्यांनी. बोलून बरं वाटलंच तर चार दिवस. आणि हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. खाली हात जोडलेली इमोजी.

‘चांगला विचार करा’पासून सुरुवात करू. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची कारकीर्द चिंताविकारांवर गेली. पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका, कसा येतो, हे त्यांनी १९८६ मध्ये मांडलं. छाती धडधडली की माणसाला वाटतं, हार्ट अटॅक आला. त्या धास्तीने धडधड वाढते, की धास्ती आणखी वाढते. त्यांच्या एका प्रयोगात तर धाप-गुदमरणं अशा शब्दांच्या जोड्या मोठ्याने वाचूनच पॅनिकच्या बहुतेक पेशंटना अटॅक आला!

पण पन्नास अटॅक येऊनही माणूस मेलेला नसतो, मग भीती का जात नाही? कारण दर वेळी तो मटकन खाली बसतो, भिंत धरतो, पाणी पितो, आणि वाचलो ते त्यामुळेच असं धरून चालतो. अशा माणसाला ‘चांगला विचार कर’ सांगून काय उपयोग? बायको रोज तेच सांगत असते. सीबीटीत थेरपिस्ट (शारीरिक तपासण्या आधी झालेल्या असतात) त्याला मुद्दाम भरभर श्वास घ्यायला लावतो. तीच चक्कर, त्याच मुंग्या. मग म्हणतो, आता भिंत सोडा, पडताय का बघू. तो पडत नाही. मग हेच बाजारात, बसमध्ये, एकट्याने करून बघायचं.

आता गोळ्या. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ६४ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांनी ही थेरपी इमिप्रामीन या औषधापेक्षा सरस ठरली. सहा महिन्यांनी दोन्ही बरोबरीत, म्हणजे औषधही चाललं, हे कबूल करायला हवं. त्यानंतर औषध हळूहळू बंद केल्यावर काहींचा त्रास उलटला आणि पंधराव्या महिन्यात थेरपी पुन्हा पुढे होती. ‘चार दिवस’ला उत्तर इथेच आलं. (हे वाचून कुणी चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.)

चोचल्यांचं म्हणाल, तर क्लार्क आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड यांच्या पाठपुराव्यामुळे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००८ पासून ही थेरपी मोफत मिळू लागली. आधी डॉनकास्टर आणि न्यूहॅममध्ये करून पाहिली. यातलं न्यूहॅम म्हणजे पूर्व लंडनचा गरीब भाग. या सरकारी सेवेत दर भेटीला पेशंटच्या त्रासाचे गुण मोजून नोंदवतात. उपचार पुरे करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक बरे होतात. निम्मे होत नाहीत, हेही त्याच नोंदींवरून कळतं.

एका बाबतीत मात्र मेसेज लिहिणाऱ्याची चीड मला समजते. पाटीवर सीबीटी आणि आत तासभर उपदेश, असंही आपल्याकडे चालतं. दोन-तीन भेटी होऊनही घरी करून बघायला काहीच दिलं नसेल, तर सरळ विचारा: ‘मॅडम, मी या आठवड्यात काय करून बघू?’