फेजोआदा टाकाऊ मांसातून जन्मली नाही

ब्राझीलच्या जेवणाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. त्यातला दावा थोडक्यात असा: काळा घेवडा आणि डुकराचं मांस एकत्र शिजवून केलेली फेजोआदा हे ब्राझीलचं राष्ट्रीय अन्न. मळ्यांचे मालक डुकराचं चांगलं मांस स्वतः खायचे आणि कान, शेपटी, पाय गुलामांपुढे फेकायचे. गुलामांनी ते घेवड्याच्या हंडीत टाकलं आणि हा पदार्थ जन्मला. आज ब्राझीलमध्ये घरोघरी रोज हेच शिजतं.

ही कथा पीडितांच्या बाजूने बोलते असं वाटतं, म्हणून भली माणसं ती पुढे पाठवतात. पण ती खरी नाही. शिवाय तिच्यामुळे गुलामांचे हाल सौम्य वाटू लागतात आणि त्यांनी ब्राझीलच्या ताटाला खरोखर जे दिलं ते बाजूलाच राहतं. मला तेच जास्त खुपतं.

पहिली गोष्ट, कान, शेपटी आणि पाय टाकाऊ होते हेच मुळात चूक आहे. पोर्तुगालच्या उत्तरेकडे, त्राज-उज-मोंतेश भागात, घेवड्यात डुकराचे कान, पाय आणि सॉसेज घालून केलेली फेजोआदा आजही चवीने खाल्ली जाते. डुक्कर कापलं की त्यातलं काहीही वाया घालवायचं नाही ही तिथल्या शेतकरी घरांची जुनी रीत. फ्रान्सचं कासुले, म्हणजे घेवडा आणि मांस मंद आचेवर शिजवून केलेला पदार्थ, तेही याच कुळातलं. पोर्तुगीज गेले तिथे ही पद्धत गेली. गोव्यात ‘चोरीस’ म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज घालून घेवड्याची फेजोआदा करतात ती त्यातलीच. गुलामगिरीच्या काळी ब्राझीलमध्येही खारवलेलं डुक्कर कान-पायांसकट बाजारात विकलं जाई आणि लोक पैसे मोजून ते घेत.

दुसरा दावा, हा पदार्थ गुलामांच्या हंडीत जन्मला हा. 1833 साली रेसिफे शहरातल्या एका हॉटेलने ‘दियारिओ दे पेर्नांबुको’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की दर गुरुवारी ‘ब्राझिली पद्धतीची फेजोआदा’ मिळेल. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती 13 मे 1888 रोजी. म्हणजे त्याच्या 55 वर्षं आधी हा पदार्थ हॉटेलात पैसे देऊन जेवणाऱ्या शहरी गिऱ्हाइकांसाठी वाढला जात होता. लोकसंस्कृतीचे अभ्यासक लुईस दा कामारा कास्कुदो (1898–1986) यांनीही हेच मांडलं: मांस आणि भाज्या एका भांड्यात मंद आचेवर शिजवण्याची रीत युरोपची, घेवडा अमेरिका खंडाचा, आणि दोन्हींची गाठ ब्राझीलमध्ये पडली.

आता जरा हिशेब करू. एका डुकराला कान दोन, पाय चार, शेपटी एक. कॉफीच्या मोठ्या मळ्यांवर शंभर-दोनशे गुलाम राबत. मालकाच्या घरी कापलेल्या डुकराच्या उरलेल्या भागांत इतक्या माणसांचं काय होणार? त्यांच्या वाट्याला येई ते मक्याच्या पिठाचं घट्ट आंगू, कसावा या कंदाचं पीठ, पाण्यात उकडलेला घेवडा आणि कधीमधी खारवून वाळवलेल्या गोमांसाचा किंवा चरबीचा तुकडा. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम आणि पोटात एवढंच. मांसाने भरलेल्या हंडीची कथा या उपासमारीवर पांघरूण घालते.

रोज खाण्याचं म्हणाल तर तेही खरं नाही. साऊ पावलोच्या खानावळींत फेजोआदा बुधवारी आणि शनिवारी ठरलेली असते, कारण ती निवांत जेवायची, जड गोष्ट आहे. रोजचं जेवण म्हणजे भात आणि घेवडा. सोबत अंडं किंवा मांसाचा एखादा तुकडा, थोडं सॅलड, वर कसाव्याचं भाजलेलं पीठ. आणि हा घेवडा देशाच्या बहुतेक भागांत काळा नसतोच. सर्वाधिक खपतो तो ‘कारिओका’: फिकट दाणा, त्यावर तपकिरी रेघा, आपल्या साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्यासारखा. हा वाण कांपिनासच्या कृषिसंशोधन संस्थेतून 1960 च्या दशकाअखेरीस पुढे आला. काळ्याचा मान मुख्यतः रिओ आणि दक्षिणेकडे. घरी घेवडा प्रेशर कुकरला लावतात, वेगळ्या भांड्यात तेलावर लसूण-कांदा परततात, त्यात पळीभर शिजलेले दाणे घालून चेचतात आणि ते सगळं पुन्हा कुकरमधल्या घेवड्यात ओततात, म्हणजे रस दाट होतो. ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाची 2014 ची आहार मार्गदर्शिकाही याच साध्या भात-घेवड्याच्या बाजूने उभी राहिली.

वरून भुरभुरायचं पीठ मात्र मूळनिवासींचं देणं. कडू कसाव्यात विषारी द्रव्य असतं. तो किसून, विणलेल्या लांबट नळीत पिळून रस काढायचा आणि मग कढईत भाजायचा, हे तंत्र त्यांनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी बसवलं होतं. आपल्या उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा. फिरणाऱ्या मजकुरात या लोकांचा उल्लेखही नसतो.

मग आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचं काय? ब्राझीलच्या किनाऱ्यावर अंदाजे 48 लाख माणसं बेड्या घालून उतरवली गेली. मालकांच्या स्वयंपाकघरात हंडी ढवळणारे हात बहुतेक या गुलामांमधल्याच बायकांचे होते. पण त्यांच्या स्वतःच्या अन्नाची गोष्ट सांगायची असेल तर ईशान्य ब्राझीलमधल्या बाहिया राज्याच्या आकाराजे या तळलेल्या वड्याची सांगा. चवळी भिजवून, चोळून तिची सालं काढायची, कांद्याबरोबर वाटायची, पीठ हलकं होईपर्यंत फेटायचं आणि लालसर देंदे तेलात, म्हणजे पामच्या तेलात, तळायचं. गोळा मधोमध चिरून आत वातापा (पाव, कोळंबी आणि नारळाच्या दुधाचं दाट सारण), भेंडीचं कारुरू, सुकी कोळंबी आणि मिरची भरायची. हा प्रकार पश्चिम आफ्रिकेतून आला आणि कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिली धर्मात तो यान्सां देवीचा नैवेद्य आहे. गुलामगिरीच्या काळात बायका असे पदार्थ रस्त्यावर विकत. कमाईचा ठरलेला हिस्सा मालकाला द्यावा लागे. उरलेला पैसा साठवून कित्येकींनी स्वतःचं, कुणी मुलांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. यात कुणी फेकलेलं काही नाही. कसब त्यांचं आणि बाजारही त्यांनीच उभा केलेला.

2005 मध्ये आकाराजे विकणाऱ्या या बायकांच्या व्यवसायाची ब्राझीलचा राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली. तरीही 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाआधी बाहियाची राजधानी साल्वादोरमधल्या फोंते नोव्हा स्टेडियमच्या परिसरात त्यांना विक्री करू न देण्याचं घाटत होतं. त्यांनी सह्या गोळा केल्या, निदर्शनं केली आणि परवानगी मिळवली.