‘तुम्ही फक्त बनवा’ म्हणे!

आषाढ लागला की कोणीतरी मोबाईल पुढे करतंच, दादा गणपतीच्या मूर्तीची आयडिया तयार आहे, तुम्ही फक्त बनवा. फक्त?? अहो शाडू आहे, प्लॅस्टर नाही, साच्यात ओतलं की झालं असं नसतं. माती मळा, उचललेल्या हाताला आधार द्या, मग सावलीतच वाळवा कारण उन्हात ठेवली की तडकते आणि बाहेर हा पाऊस, दमट हवेत वाळता वाळत नाही. भेगा बुजवा, परत घासा, मग कुठे रंग. डोळ्यांच्या आखणीला तर श्वास रोखून बसावं लागतं, तिथे घाई चालतच नाही. आणि मूर्ती पूर्ण वाळल्यावर फोन येतो, सोंड जरा दुसरीकडे वळवा ना! वाळलेली माती वळत नाही हो!!