किरायत्याने म्हणे मलेरियाचा स्विच बंद होतो

पाऊस सुरू झाला की आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर तो मेसेज परत उगवतो, अळंबी उगवावीत तसा. यंदा फोंड्याच्या मावशीकडून आला, मग म्हापशाच्या काकांकडून, खाली दहा जणांचे नमस्कार. मजकूर थोडक्यात असा: मलेरियाच्या जंतूत 'प्रोटीन किनेज' नावाचा एक स्विच सापडलाय, माणसात तो नसतो, किरायत्याचा (एक कडू औषधी झाड) काढा तीन दिवस घेतला की तो बंद पडतो आणि ताप उतरतो, म्हणून चौदा दिवसांच्या गोळ्या नकोत, आणि कंपन्या हे सगळं दाबून ठेवतात.

"एक स्विच." एक कुठला हो, मलेरियाच्या फाल्सिपेरम नावाच्या जंतूत ८५ ते ९९ किनेज मोजलेत, मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो एवढंच. किनेज म्हणजे एक एन्झाइम, ते एटीपी या पेशीच्या इंधनातला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनला चिकटवतं आणि मग ते प्रोटीन कामाला लागतं नाहीतर थांबतं. बरं सगळी सारखी महत्त्वाची पण नाहीत. २०१० साली उंदरांच्या मलेरियावर काम झालं, त्यात २३ किनेजचे जीन उडवले तरी जंतू रक्तात वाढतच राहिला. मग काढा यातलं नेमकं कुठलं बंद करतो ते मेसेजवाल्याने सांगावं की.

"माणसात नसतो." साफ चूक, आपल्यात पाचशेच्या वर किनेज आहेत, ब्लड कॅन्सरवरचं इमॅटिनिब आपल्याच एका किनेजला अडवतं. पण यात खऱ्याचा एक तुकडा आहे तो सांगतो, सीडीपीके नावाचा किनेजचा गट जंतूत आहे, झाडांत आहे, माणसात नाही. त्यातलं सीडीपीके४ तर डासाच्या पोटात गेल्यावर लागतं, तिथे थंडावा मिळाला की दहा-पंधरा मिनिटांत एका नर पेशीतून आठ शेपटीवाले नर सुटतात, आणि ते किनेज काढून टाकलं की सुटतच नाहीत. म्हणून संशोधक याच्या मागे आहेत.

"कंपन्या दाबतात." फाल्सिपेरमचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीनची यादी, २००२ साली छापून आलाय, कोणीही बघावा. किनेज अडवणारं मलेरियाचं मान्य औषध अजून बाजारातच नाही, असतं तर कंपनीने ते लपवलं नसतं, महाग विकलं असतं.

आता मेन गोष्ट, "तीन दिवसांत ताप उतरतो." उतरतो ना, काढा न घेताही उतरतो! मलेरियाचा दुसरा जंतू व्हायवॅक्स, तो लाल पेशीत साधारण ४८ तास वाढतो, मग पीकेजी नावाचं किनेज इशारा देतं आणि पेशी फुटून पिल्लं बाहेर पडतात, हजारो पेशी एकदम फुटल्या की हुडहुडी आणि ताप. सुरुवातीला ताप रोजही येतो, पण नीट लागला की एक दिवसाआड, म्हणजे मधल्या दिवशी माणूस ठणठणीत, आणि नेमका त्याच दिवशी काढा प्यालेला असतो. घड्याळ जंतूचं, नाव काढ्याचं. किरायत्यातल्या अँड्रोग्राफोलाइड या घटकावर प्रयोगशाळेत काम झालंय हे मान्य, पण बशीतल्या जंतूवर औषध ओतणं वेगळं आणि कपभर कडू पाणी पोटात गेल्यावर रक्तात किती पोचतं ते वेगळं.

आणि चौदा दिवसांच्या गोळ्यांचा, म्हणजे प्रायमाक्विनचा, रक्तातल्या तापाशी संबंध नाही, ती यकृतात झोपून राहिलेल्या व्हायवॅक्ससाठी असते. आमच्या मामाला हे दरवर्षी सांगतो. गेल्या पावसात रक्तातल्या जंतूवरचं क्लोरोक्विन घेऊन बरं वाटल्यावर त्याने प्रायमाक्विन चौथ्या दिवशी सोडली आणि उरलेले दिवस किरायतं प्यायला, सगळ्यांना सांगत फिरला की बघा. दोन महिन्यांनी ऐन गणेश चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची सोडून गोधडीत कुडकुडत होता, हेल्थ सेंटरात रक्ताची स्लाइड काढली, परत व्हायवॅक्स. यावेळी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचे चौदाही दिवस मामीने कॅलेंडरवर फुल्या मारत पुरे करून घेतले.