सूर्य आधी, सुरमई नंतर

मालवणजवळच्या देवबागहून परत येऊन चार दिवस झाले आणि घरच्या ग्रुपवर तिघांनी विचारून झालं, "तो फोटो कुठाय? पुढे मासे, मागे सूर्य?" नाहीये. काढलाच नाही. आणि विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकतो, बरेच दिवस साठलंय. समुद्रकाठच्या हॉटेलात सूर्यास्त बघत बघत जेवायचं, हा प्रकार मला पटत नाही. सूर्यास्त पटतो. मासे तर पटतातच. दोन्ही एका टेबलावर आले की दोघांचीही माती होते.

(घाटावरचा माणूस माशांवर मत देतोय म्हणून मालवणकर मित्र हसणार. हसा. कोल्हापूरहून गगनबावड्यावरून घाट उतरून वर्षातून दोनदा तरी येतो, तेवढ्या हक्कानं बोलतोय.)

आधी माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात कोकणातल्याच एका हॉटेलात, नाव नको, 'सनसेट टेबल' बुक केलं होतं. वाळूत मांडलेली टेबलं, माडाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, अमुक इतक्या रुपयांचं तरी बिल झालंच पाहिजे अशी अट. म्हणजे पैसे माशाचे नव्हते, खुर्ची कुठल्या दिशेला तोंड करून आहे त्याचे होते. नोव्हेंबरात त्या बाजूला सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून आम्ही साडेपाचलाच जाऊन बसलो. कुणालाही भूक नव्हती. दुपारी तीनला तर जेवलो होतो. तरी सुरमई फ्राय, कोळंबीचं कालवण, सोलकढी सांगितली, कारण टेबल अडवून नुसतं बसायचं कसं?

मासे आले ते नेमके सूर्य पाण्याला टेकला तेव्हा. वाढणारा पोरगा बिचारा ताट ठेवायला वाकला आणि बरोबर सूर्याच्या आड उभा राहिला. मुलगी मोबाइल घेऊन उठली. बायको म्हणाली, थांबा, कुणी हात लावू नका, आधी फोटो. आई विचारत होती, यात मीठ कमी आहे का. तिला कुणी उत्तर दिलं नाही. फोटो मनासारखा येईपर्यंत सूर्य गेला होता आणि सुरमईचा रवा ओला पुठ्ठा झाला होता. वर ती सुरमई बर्फातली जुनी. चोथ्यासारखी, घशात उतरेना. पण मागच्या स्पीकरवर गाणं इतकं मोठं होतं की तक्रार करायची तर ओरडावं लागलं असतं. बिल दिलं आणि उठलो.

यात त्या हॉटेलचा दोष किती आणि आमचा किती, यावर मी परतीच्या सगळ्या वाटेवर विचार केला. बर्फाची सुरमई त्यांच्या खात्यावर. बाकीचं गणितच मुळात जमण्यासारखं नव्हतं.

बघा ना. सूर्यबिंबाची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत आपल्या कोकणपट्टीवर लागतात जेमतेम सव्वादोन मिनिटं. आकाशातली त्याची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, वर तो जरा तिरका उतरतो, करा हिशोब. त्यातही गंमत अशी की आपण ज्याला 'टेकला, टेकला' म्हणून ओरडतो तो तिथं नसतोच. वातावरणातून येताना किरण वाकतात, त्यामुळे क्षितिजापाशी सूर्य साधारण त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढा वर उचललेला दिसतो. म्हणजे बिंब पाण्याला टेकलेलं दिसतं तेव्हा खरा सूर्य जवळजवळ सगळा क्षितिजाखाली गेलेला असतो. खालची कड वरच्यापेक्षा जास्त उचलली जाते म्हणून तो शेवटी चपटा होतो, थालीपिठासारखा. एवढं सगळं सव्वादोन मिनिटांत चाललेलं असताना काटा काढत बसायचं?

आता माशाचं घड्याळ. रवा लावून तळलेला बांगडा किंवा सुरमईची तुकडी तव्यावरून उतरली की पाच मिनिटांत खायची. आतली वाफ बाहेर यायला बघते, बाहेर समुद्राची दमट हवा, आणि दोघींच्या मध्ये तो बिचारा रवा. दोन्ही गोष्टींना त्याच पाच मिनिटांत तुमचं पूर्ण लक्ष हवं असतं. एकीला डोळे, दुसरीला हात आणि जीभ, असं वाटून देता येईल असं वाटतं, पण बांगड्याचे काटे न बघता खाऊन दाखवा.

शिवाय आपली भूक. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, जूनमध्ये सात-सव्वासातला. आपल्यातल्या किती घरांत या वेळेला ताटं मांडतात? तिन्हीसांजेला जेवू नये असंच ऐकत आपण मोठे झालो. ती वेळ दिवा लावायची. सूर्याच्या वेळेवर जेवणारे खरे जाणकार म्हणजे आमच्याकडची, कोल्हापूर-सांगलीकडची जैन कुटुंबं. माझ्या शाळेतल्या मित्राच्या घरी सूर्य असेतोवर जेवणं उरकलेली असायची, भांडीही घासून झालेली. पण त्यांनी जेवताना सूर्याकडे बघत 'वा, काय रंग' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांचं लक्ष ताटात असायचं. आणि त्यांना बांगड्याचा सल्ला विचारण्यातही अर्थ नाही.

तर या वेळी देवबागला. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मालवणहून तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक लांबट पट्टी आहे, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी. टोकाला दोघींचा संगम. पट्टी इतकी अरुंद की एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे गप्पा मारत चालत जाता येतं. आम्ही उतरलो होतो तिथल्या काकी घरीच जेवण करून घालतात. पाच वाजता विचारायला गेलो, सुरमई मिळेल का?

"सुरमय नाय. होडयेक पेडवे नि बांगडे गावले, तेच आसत. चलतले?"

न चालायला काय झालं? मी विचारलं, मग साडेसहाला बसू? तर म्हणाल्या, "सूर्य बुडलो की येवा, मगेच तवो तापयतंय." माझा लेख खरं तर या एका वाक्यातच आटपतो.

इथं थोडं विषयांतर. आम्ही घाटावरचे लोक खाली उतरलो की आमच्या तोंडात दोनच नावं, सुरमई आणि पापलेट. त्या हव्यासातूनच बर्फाच्या सुरमया टेबलावर येतात, हे मला पटायला पंचेचाळिशी उजाडावी लागली. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, आणि कारण काय, तर तो कमी कमी होत चाललाय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे ठाऊक असलेले लोकही जुलैत जाऊन ताज्या सुरमईची थाळी मागतात आणि ती ताजी असल्याचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतात. त्यापेक्षा 'आज काय गावलं' एवढंच विचारावं. पेडवे, तारले, सौंदाळे, मुडदुशे ही नावं मेनूकार्डावर फारशी दिसत नाहीत, पण विचारलं की स्वयंपाकघरात असतात. स्वस्तही पडतात, म्हणून बहुधा मेनूवर नसतात.

आईचे गुडघे दुखतात, वाळूत चालवत नाही. काकींच्या अंगणातली प्लास्टिकची खुर्ची मी उचलून किनाऱ्यावर नेली, तिला बसवलं. (ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची हवीच, तेवढं मान्य.) हातात काही नाही. खायला नाही, प्यायला नाही. चहा चालला असता, पण आणायला कोण जाणार? त्या दिवशी क्षितिजावर धुरकट पट्टा होता. थंडीत असतोच. सूर्य पाण्यापर्यंत पोचलाच नाही, वीतभर वरच त्या धुरकटात विरघळून गेला. आजूबाजूची माणसं 'शी, काहीच दिसलं नाही' म्हणत कपडे झटकून निघाली. शेजारच्या टेबलांवर तर सगळ्यांची डोकी केव्हाच ताटात गेली होती.

आम्ही बसून राहिलो, कारण तवा अजून तापायचा होता. आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं जे झालं ते आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. सूर्य खाली गेल्यावर उंचावरच्या ढगांना खालून उजेड मिळतो. आधी फिका आबोली, मग कुंकवासारखा, मग जांभळट. ओल्या वाळूवर तोच रंग, लाट आली की पुसायचा, गेली की परत. आई म्हणाली, "लग्नानंतर एकदा तुझ्या बाबांबरोबर मिऱ्या बंदराला बघितलं होतं असं." हे मला माहीतच नव्हतं. बाबा गेल्याला सहा वर्षं झाली. मी विचारलं, मग काय खाल्लंत? तर म्हणे, "काही नाही. पैसे कुठे होते?"

उठता उठता मुलीनं पाठीमागे बघितलं आणि ओरडली. त्या दिवशी पौर्णिमा होती, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पौर्णिमेला सूर्य बुडायच्या सुमारासच चंद्र उगवतो, पुस्तकात वाचलेलं असतं, पण समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला ते दिसणार कसं? खुर्ची उचलली, आईचा हात धरला आणि हळूहळू पट्टी ओलांडून खाडीच्या बाजूला गेलो. पलीकडच्या काठावरच्या माडांच्या वर तो आला होता, पिवळा, मोठा, पाण्यात त्याची लांब वाकडीतिकडी रेघ. एक होडी बांधलेली होती, ती रेघेत मागेपुढे होत होती. इथं कुणी टेबल मांडलेलं नव्हतं.

मागून काकींची हाक आली, "भाकऱ्यो निवतत, येवा!"

अंगणात एकच बल्ब. तांदळाच्या भाकऱ्या, बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं. ती चावायची नसतात, मी दर वेळी एक तरी चावतो आणि जीभ बधिर करून घेतो, या वेळीही केली. सोलकढी पेल्यात. आणि पेडवे तव्यावरून थेट ताटात, चार-चार करून, पहिले संपेपर्यंत दुसरे तयार. दिसायला समोर काही नव्हतं, एक भिंत आणि तिच्यावर वाळत टाकलेलं टॉवेल. आई मीठ बरोबर आहे म्हणाली आणि सगळ्यांनी ऐकलं. माशाचा वास आला तरी नाक मुरडणाऱ्या आमच्या मुलीनं नऊ पेडवे काट्यासकट खाल्ले.

त्याचाही फोटो नाही. सगळ्यांचे हात मसाल्याचे होते.