हजेरी घेता, रजा मंजूर करता, मग ती कंत्राटदार कशी?

आज सकाळी ओळखीतल्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, यात काही वावगं नाही ना? उद्या संध्याकाळपर्यंत सही करून मागितलंय." सोबत अकरा पानांचा करार. वर ठळक अक्षरात 'स्वतंत्र व्यावसायिक सेवा करार'. कलम ४ : रोज साडेनऊ ते साडेसहा कार्यालयात बायोमेट्रिक हजेरी. कलम ६ : रजेसाठी व्यवस्थापकाची पूर्वपरवानगी, रजा बिनपगारी. कलम ७ : कराराच्या काळात इतर कुणाचंही काम घ्यायचं नाही. कलम ९ : तिने सोडायचं असेल तर ६० दिवसांची नोटीस, त्यांनी काढायचं असेल तर २४ तासांची.

दिवसभर हे कलम ९ डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

माणूस कधी यायचा, कधी जायचा, काम कोणत्या पद्धतीने करायचं, कोणाच्या लॅपटॉपवर करायचं, सगळं तुम्ही ठरवणार. त्याची सगळी कमाई तुमच्याकडूनच येणार. तोटा झाला तर तो सोसायची जबाबदारी त्याच्यावर नाही आणि नफ्यातही वाटा नाही. ही नोकरी आहे. वर नाव काय छापलंय याने काही फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००६ सालच्या शिफारस क्रमांक १९८ मध्ये हेच आहे : नातं ठरवताना कागदावर काय म्हटलंय यापेक्षा प्रत्यक्षात काम कसं होतं ते आधी बघा. तिथे खुणाही दिल्या आहेत. काम कुणाच्या सूचनेनुसार चालतं, ते स्वतःच करावं लागतं की बदली माणूस पाठवता येतो, वेळ आणि जागा कोण ठरवतं, साधनं कुणाची, पैसे ठरावीक मुदतीने मिळतात का, तोच मुख्य उत्पन्नाचा मार्ग आहे का. त्या अकरा पानांना या खुणा लावून पाहिल्या. कलम ४, ६ आणि ७ मिळून नोकरी पुरती सिद्ध होते.

आता मालक हे का करतात, तेही माहीत आहे. स्वस्त पडतं म्हणून. पण हा हिशेब बहुतेक जण मुळात चुकीचा मांडतात.

वर्षाचे ३६५ दिवस. पाच दिवसांचा आठवडा धरला तर १०४ सुट्ट्या वजा, उरले २६१. सार्वजनिक सुट्ट्या १०, हक्काच्या रजा १८, आजारपणाच्या ६ धरा. प्रत्यक्ष कामाचे दिवस २२७. महिन्याचा पगार १०० धरला तर वर्षाचे १२००. त्यावर भविष्य निर्वाह निधी, विमा, निवृत्तीचे लाभ यांचा मालकाचा वाटा उदाहरणापुरता २० टक्के धरा, एकूण १४४०. भागिले २२७, म्हणजे कामाचा एक दिवस पडतो ६.३४ ला. स्वतंत्र व्यावसायिकाचा रास्त दर याहून वर सुरू होतो, कारण त्याची रजा, त्याचा विमा आणि हाताला काम नसलेले दिवस हे सगळं त्याला त्याच दरातून भागवायचं असतं. या मुलीला महिन्याला तेच १०० देऊ केलेत आणि रजा बिनपगारी. म्हणजे २६१ च्या २६१ दिवस भरले तरच १२००, दिवसाला ४.६. पाव हिश्शाहून जास्त रक्कम तिच्या खिशातून काढून घेतली आणि त्याला 'लवचिक व्यवस्था' असं नाव दिलं.

बरं, यात मालकाचंही भलं नाही. पुढे कधी तपासणी झाली किंवा प्रकरण कोर्टात गेलं आणि नातं नोकरीचं ठरलं, की मागची सगळी देणी व्याज आणि दंडासह एकदम अंगावर येतात. कामावर अपघात झाला तर विमा कुणाचा, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा विचारला जातो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नोकरीचा भाग म्हणून कर्मचाऱ्याने केलेलं डिझाइन, लिखाण, कोड याची मालकी बऱ्याच देशांत आपोआप मालकाकडे जाते. स्वतंत्र व्यावसायिकाने केलेल्या कामाची बहुतेकदा जात नाही, ती लेखी हस्तांतरित करून घ्यावी लागते. या करारात तसं एक अक्षर नाही. मुलगी डिझायनर आहे. तिला स्वतंत्र ठरवायच्या नादात त्यांनी स्वतःची डिझाइन्स हातची जायची वेळ आणली आहे, आणि करार लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

धंद्याच्या सुरुवातीला पैशाची आवक नक्की नसते, सगळ्यांना कायम करणं झेपत नाही, हे मान्य.

पण त्यासाठी खोटं नाव लावायची गरजच नाही. मार्ग भरपूर आहेत, फक्त निवड कामाकडे बघून करायची, महिनाअखेरच्या शिलकीकडे बघून नाही. काम रोजचं आहे आणि दोन वर्षांनीही असणार आहे, तर कायम माणूस. काम रोजचं पण दिवसाला चारच तासांचं, तर अर्धवेळ. प्रकल्प आठ महिन्यांत संपणार, कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलंय, तर मुदतीची नेमणूक. वर्षातून दोनदा लागणारं आणि तुमच्यात कुणालाच न येणारं काम, तर स्वतंत्र व्यावसायिक. त्याला फक्त काय हवं आणि कधी हवं ते सांगा. कसं करायचं ते तो बघेल, आणखी पाच जणांची कामंही करेल.

मुदतीच्या नेमणुकीत घोळ जवळजवळ नेहमी शेवटच्या तारखेला होतो. तारीख उलटते, पत्र कुणी काढत नाही, माणूस कामावर येत राहतो, पगारही होत राहतो. तीन महिन्यांनी त्याला मुदत संपल्याचं सांगितलं की तो म्हणतो, मुदत तर तुम्हीच चालू ठेवलीत. त्याचं बरोबरच असतं. संपायच्या ४५ दिवस आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या दिवशी तीनपैकी एक पत्र द्या : संपतेय, वाढवतोय किंवा कायम करतोय. एकाच कामासाठी चौथ्यांदा वाढवायची वेळ आली तर ते काम मुदतीचं नाही, एवढं स्वतःशी कबूल करा.

अर्धवेळ माणसांची रजा दिवसात मोजू नका, तासांत मोजा. बुधवार ते शुक्रवार येणाऱ्याला सोमवारी पडणाऱ्या सुट्ट्या कधीच मिळत नाहीत, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नगावर पैसे देत असाल तर मशीन बंद पडल्यावर किंवा माल उशिरा आल्यावर तासाला किमान किती मिळणार ते आधी लिहा. नाहीतर लोक गेलेला वेळ भरून काढायला घाई करतात आणि माल परत येतो.

पाळ्यांचं गणित तर सपशेल चुकतं. एक जागा चोवीस तास, सातही दिवस चालू ठेवायची म्हटलं की लोक तीन पाळ्यांना तीन माणसं धरतात. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४० तास, म्हणजे ४.२ माणसं. त्यात रजा धरायच्या. वर काढलेले २२७ भागिले २६१, म्हणजे माणूस साधारण ८७ टक्के दिवसच हजर. ४.२ भागिले ०.८७ म्हणजे ४.८. एका जागेला पाच माणसं लागतात. तीनच घेतली की पहिल्या महिन्यात ओव्हरटाइम, दुसऱ्यात दांड्या, तिसऱ्यात राजीनामे. मग मालक म्हणतो, हल्ली माणसं टिकत नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. खरं सांगायचं तर हे करार लिहिणारे बरेच जण वाईट नसतात. कुणीतरी दिलेला नमुना उतरवून घेतलेला असतो, आणि कलम ४ व कलम ७ एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचलेलंच नसतं. लहान मालकाला पगाराच्या तारखेची धास्ती असते. माणूस चुकीचा निघाला तर काय, ही भीतीही खरी. त्या भीतीवर उपाय परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा काळ, समजा तीन महिन्यांचा. तो नीट वापरा. पहिल्या दिवशी काय जमलं पाहिजे ते लेखी द्या, ३० व्या दिवशी बसून बोला, ६० व्या दिवशी पुन्हा, आणि ७५ व्या दिवशी निर्णय सांगा. नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी पत्र हातात ठेवणं ही क्रूर गोष्ट आहे, कारण तोवर त्या माणसाला वाटत असतं की सगळं ठीक चाललंय.

काही जणांना मोकळं कामच आवडतं, नोकरी नको असते, हेही खरं. पण मग त्यांच्या करारात बायोमेट्रिक नसतं ना.

आणि पुन्हा ते कलम ९. तिने ६० दिवस, यांनी २४ तास. घरभाडं महिन्याचं असतं, हप्ता महिन्याचा असतो, आणि तिची कमाई एका रात्रीत बंद करायची मोकळीक यांनी स्वतःकडे ठेवलीये. वर कलम ७ आहेच, म्हणजे आधाराला दुसरं कामही धरता येणार नाही. माणसाला पूर्ण बांधायचं आणि आपण पूर्ण मोकळं राहायचं. या वाक्यावर कुणीतरी विचार करून सही केलीये, याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

तिला दोन पर्याय लिहून पाठवलेत, दोन्ही त्यांच्यापुढे ठेव म्हटलं. पहिला : नोकरीचं पत्र द्या, परिविक्षा तीन महिने, पगारी रजा, मालकाचा वाटा नियमाप्रमाणे, मग हजेरी आणि बाहेरच्या कामावर बंदी दोन्ही मान्य. दुसरा : खरोखर स्वतंत्र. कलम ४, ६ आणि ७ काढा, गोपनीयतेचं कलम राहू द्या, दर वरच्याच हिशेबात (महिन्याचे १०० धरून) दिवसाला ७, बिल दिल्यापासून १५ दिवसांत पैसे, आणि डिझाइनची मालकी पूर्ण पैसे मिळाल्यावरच तुमच्याकडे. नोटीस दोन्ही पर्यायांत दोघांनाही ३० दिवस.