पहिल्या नोकरीची आठवण कशी मुरवावी

भाचा हिंजवडीहून रात्री साडेनऊला घरी येतो. लॅपटॉपची बॅग सोफ्यावर टाकतो आणि बूट काढता काढता म्हणतो, "मामा, आज नुसत्या वाकडच्या पुलाशी एक तास दहा मिनिटं." हीच ती वेळ. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या यायच्या आत तुम्ही खुर्ची पुढे ओढायची आणि सुरू करायचं, "आम्ही तुझ्या वयाचे होतो ना..." एकदा हे वाक्य सुटलं की पानं वाढून होईपर्यंत पोरगं जागचं हलू शकत नाही. घरातल्या वळणाचा हा मोठा फायदा आहे.

सांगण्यासारखी पहिली नोकरी आपल्याकडे नाही म्हणून खट्टू होऊ नका. माझ्याकडेही नव्हती. 1992 साली बारावीची परीक्षा देऊन निकालापर्यंत घरात लोळत होतो. आईला ते बघवेना, म्हणून पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात मला चिकटवण्यात आलं. अडीच महिने. त्यातला अर्धा मे तर माश्या मारण्यात गेला, कारण शाळा उघडायच्या आधी त्या चौकात कोणी पुस्तकं घ्यायला येत नाही. एवढ्याशा भांडवलावर मी गेली तीसेक वर्षं धंदा करतोय आणि अजून गंगाजळीला हात लावलेला नाही.

आधी अंतराकडे लक्ष द्यावं. मी राहायचो कोथरूडला, कर्व्यांच्या पुतळ्याजवळ. तिथून दुकान पाचेक किलोमीटर. सायकल होती, सकाळी जाताना बराचसा उतार होता, लकडी पूल ओलांडला की पेठा लागल्याच. लग्नानंतर सुरुवातीला मी हे असंच सांगायचो आणि कोणी ताटातून मान वर करत नसे. मग घर थोडं थोडं मागे सरकवलं. दोन-तीन वर्षांत आम्ही वारज्याला पोचलो. मुलीच्या दहावीच्या वर्षी, तिला अभ्यासाची गोडी लागावी म्हणून, खडकवासल्याच्या जवळपास गेलो. यात घाई करू नये. दोन वर्षांत एखादा किलोमीटर ऐकणाऱ्यांना पचतो. जुनं रेशन कार्ड तेवढं माळ्यावर टाकावं.

पगाराचं बरोब्बर उलटं. मला महिना चारशे मिळायचे, ते मी अडीचशेपर्यंत खाली आणलेत. मध्ये एकदा भरात येऊन एकदम सव्वाशेवर उतरलो, तर स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "अहो, दिवाळीत तीनशे होते." तेव्हापासून मी पगाराचा विषय ती भिशीला गेल्यावर काढतो.

नोकरी मिळाली कशी, हा भाग नाजूक आहे. मालक आणि माझे बाबा शाळेत एका बाकावर होते. या नात्याला मराठीत वशिला म्हणतात आणि तो दुसऱ्याचा असतो. आपल्या बाबतीत मुलाखत झालेली असते. तर मालकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला, "सतरा साते?" मी पापणी न लवता म्हणालो, "एकशे एकोणीस." "उद्यापासून ये." एवढ्यावर थांबावं. उत्तर बाबांनी दिलं होतं. मालक त्यांना "तुला नाही रे, पोराला विचारतोय" म्हणाले होते. मग मला सतरा आठे विचारलं आणि तेही बाबांनीच सांगितलं. त्यावर दोघं खो खो हसून शाळेतल्या मास्तरांच्या छडीवर घसरले आणि माझी नेमणूक चहाच्या कपांबरोबर उरकली. हा तपशील इतिहासाला उपयोगाचा नाही.

दुकान सकाळी नऊला उघडायचं आणि रात्री साडेआठला बंद व्हायचं. म्हणजे साडेअकरा तास. हा आकडा असाच अखंड सांगावा. मधे दुपारी एक ते चार फळी लागायची, ती पुण्याची अंतर्गत बाब आहे. त्या काळी एक ते चार चितळ्यांची बाकरवडी मिळत नसे, तिथे आम्ही कसे मिळणार? मालक जेवून घरी आडवे होत आणि मी पोटमाळ्यावर गाईडांचा गठ्ठा उशाला घेऊन. सगळे विषय घेऊन पाहिले. नववीचा भूगोल मानेला उत्तम. गणित टोचतं.

आता कष्टांकडे येऊ, कारण भाच्याचा समज असा आहे की कष्ट फक्त त्याच्या कंपनीत पडतात. त्याला पहिल्या दिवशी ऑनबोर्डिंग म्हणून टी-शर्ट, मग आणि पाण्याची बाटली मिळाली. आमचं ऑनबोर्डिंग म्हणजे पोटमाळ्याची शिडी. ती धरायला कोणी नसायचं आणि तिची तिसरी पायरी नव्हतीच. सकाळी आल्या आल्या मालकांची चेतक स्कूटर पुसायची. रात्री ती सुरू होत नसे, तेव्हा तिला एका अंगावर तिरकी करायची, पुन्हा उभी करायची आणि मालकांनी किक मारली की "झाली, झाली" म्हणायचं. झालेली नसायची.

जून लागला की चौकात पाय ठेवायला जागा नसे. एकीकडून प्रभात टॉकीजचा खेळ सुटलेली गर्दी, दुसरीकडून शाळेची यादी मुठीत धरून आलेल्या आया, मधे भिजलेल्या छत्र्या. बालभारतीच्या पुस्तकांवर सुटायचं थोडंच, खरी मजा जुन्या पुस्तकांत. अर्ध्या किमतीला घ्यायची, पाऊण किमतीला विकायची. आत कोणी पेन्सिलीनं उत्तरं लिहिली असतील तर ती खोडून काढायची हे माझं काम. पेनानं लिहिली असतील तर गिऱ्हाईकाला हळू आवाजात सांगायचं, "उत्तरांसकट आहे." अशी पुस्तकं आधी संपत. चौरेघी मागितली तर दुरेघी द्यायची नाही, दोनशे पानी संपली तर शंभर पानी दोन घ्या म्हणायचं, आणि खाकी कव्हरचा विषय गिऱ्हाईकानं काढायच्या आत आपण काढायचा. एवढ्या तीन गोष्टींवर पुण्यातल्या मुलांचं शिक्षण उभं आहे हे मला अठराव्या वर्षीच कळलं.

पण सगळ्यांत महत्त्वाची सुतळी. गठ्ठ्याला आडवी-उभी सुतळी मारायची, गाठ बसली की सुतळीचाच एक वेढा बोटावर घ्यायचा, तो सुतळीवरच आडवा घालायचा आणि झटका द्यायचा. सुतळी सुतळीला कापते. कात्री लागत नाही. गर्दीत कात्री शोधत बसलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पहिला आठवडाभर माझं बोट कापलं, सुतळी नाही. दुकानातल्या जुन्या काकांनी मग माझा हात धरून वेढा कुठे घ्यायचा ते दाखवलं, आणि बोटाला चिकटपट्टी लावून दिली. ते तिथे वीसेक वर्षं होते आणि त्यांना प्रत्येक इयत्तेची यादी तोंडपाठ होती. मात्र आठवणीत अशा माणसांना फार जागा देऊ नये. ती नुसती काउंटरच्या कडेला उभी असली तरी गोष्टीचा नायक आखूड दिसायला लागतो. "निरीक्षणानं शिकलो" म्हणावं.

मालक मात्र भरपूर असावेत आणि कडक असावेत. आमचे मालक कडक होते ते इतिहासाच्या बाबतीत. कोणी पगाराआधी उचल मागितली की ते चष्मा कपाळावर घेत. "ज्यांच्या नावाच्या चौकात उभा आहेस ना, त्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे वडील पानिपतच्या मोहिमेत पडले. आणि तुला पन्नास रुपये हवेत?" यावर काय बोलणार? पानिपतानंतर कोणालाच काही मागता येत नाही. उचल मिळायची, पण पानिपत ऐकून झाल्यावर.

तुमच्या नोकरीत यातलं काहीच घडलं नसेल, तर शहराच्या मालकीचं काहीतरी उसनं घ्यावं. आमच्या सोसायटीतले आजोबा पानशेतवर चालवतात. 12 जुलै 1961, बुधवार. ते त्या दिवशी, पहिल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, कामावर वेळेवर पोचले होते. धरण फुटल्याच्या दिवशी कामावर वेळेवर पोचलेली इतकी माणसं मला आजवर भेटली आहेत की पूर फक्त सुट्टीवर असलेल्यांनीच पाहिला असावा. टेल्कोतून, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून, निवृत्त झालेल्यांची सोय वेगळी. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी पिंपरीत कारखान्याबरोबर झाडंही वाढवली हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा एका झाडाखाली त्यांनी थांबून तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि "शाबास" म्हटलं, एवढं पुरतं. झाडं पुष्कळ आहेत, प्रत्येकाला एक मिळेल.

राहता राहिली एक आठवण. ती सांगायची नसते. इथे निव्वळ नमुना म्हणून देतो, वाचून झाली की विसरा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, पाऊस, गर्दी, वीज जाऊन-येऊन. एका बाईंनी शंभराची नोट दिली आणि मी त्यांना पाचशेचे सुटे परत केले. त्यांनीही न मोजता पर्समध्ये टाकले. रात्री गल्ला मोजला तर चारशे कमी. मालकांनी दोनदा मोजला, मग बिलबुकाचे कार्बन काढून बसले. मला तेव्हा ती नोट लख्ख आठवली. मी झाडू घेतला आणि काउंटरखालची कागदाची कतरण गोळा करायला वाकलो, आणि बराच वेळ वाकूनच राहिलो.

वरून काकांचा आवाज आला, "अण्णा, ते मी घेतले संध्याकाळी. उचल. गर्दीत सांगायचं राहिलं."

मालक काही क्षण बोललेच नाहीत. मग बोलले ते चांगलं दहा मिनिटं. "इतकी वर्षं झाली तुम्हाला, विचारायची रीत नाही? गल्ल्याला न विचारता हात लावता? या पोरानं काय शिकायचं तुमच्याकडून?" त्या रात्री पानिपतसुद्धा निघालं नाही. काका शेवटचा गठ्ठा बांधत होते. त्यांनी सुतळी तोडली आणि गठ्ठा फळीवर ठेवला.

एक तारखेला माझ्या पाकिटात चारशे होते. काकांच्या पाकिटातून शंभर कापले, असे पुढे चार महिने कापायचे ठरले होते. मी जुलैच्या शेवटी कॉलेज सुरू झालं म्हणून सोडलं, तोवर एकच हप्ता झालेला. निघताना काकांनी मला एक दोनशे पानी वही दिली, पैसे स्वतःच्या नावावर मांडून. आम्ही त्या विषयावर एकदाही बोललो नाही. नंतर त्या चौकात शेकडो वेळा गेलो असेन, दरवेळी पलीकडच्या फुटपाथनं.

आता एवढा कच्चा माल टाकून द्यायचा का? मुळीच नाही. काकांना बाहेर काढा, वाकलेल्या पोराला सरळ उभं करा, बाईंच्या जागी टोपीतले एक लबाड गृहस्थ आणा. म्हणजे गोष्ट अशी होते: जूनची रात्र, गल्ल्यात चारशे कमी, मालक हवालदिल, सगळे कर्मचारी माना खाली घालून उभे. आणि अठरा वर्षांचा मी पुढे होऊन म्हणतो, "अण्णा, बिलबुक आणा इकडे." पहाटे दोनला हिशेब लागतो. मालकांच्या डोळ्यांत पाणी. मी ही गोष्ट मुलीच्या साखरपुड्यात सांगितली आहे, व्याह्यांनी उठून हात मिळवला होता.

परवा ती भाच्याला सांगितली. तो तुपाचा भात कालवत शांतपणे ऐकत होता. हा मुलगा कंपनीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळतो, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

"मामा, पण पैसे त्या टोपीवाल्याकडे गेले होते ना?"

"हो."

"तो परत आला नाही?"

"कुठला येतोय."

"मग हिशेब लागला म्हणजे काय? चारशे तर कमीच राहणार. ते भरले कोणी?"

असा प्रश्न आला तर उत्तर देऊ नये. "चहा घेणार का?" म्हणत उठावं, रात्रीचे साडेदहा वाजले असले तरी. आत जाऊन दुधाची पिशवी काढावी आणि तिचा कोपरा कापायला कात्री शोधावी. ती आमच्या घरात कधीच जागेवर नसते, त्यामुळे चांगली पाच-सात मिनिटं मिळतात.