तो जळत्या भिक्षूंचा फोटो थिच क्वांग डो यांचा नाही

कालपासून चार ग्रुपवर एकच मेसेज आलाय, पेटलेल्या भिक्षूंचा फोटो आणि खाली "हे व्हिएतनामचे थिच क्वांग डो, यांना शांततेचं नोबेल मिळावं म्हणून ५० जणांना पाठवा". मीही परवा एका ठिकाणी न बघता पुढे ढकलला होता, चूक झाली, म्हणून लिहितेय.

फोटोतले भिक्षू थिच क्वांग डुक. ११ जून १९६३, दक्षिण व्हिएतनाममधल्या सायगॉनचा चौक, मागे बॉनेट उघडलेली गाडी, शेजारी पेट्रोलचा कॅन. तिथले अध्यक्ष डिएम यांचं सरकार बौद्धांवर करत असलेल्या दडपशाहीविरुद्ध त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. थिच हे आडनाव नाही, तिथले भिक्षू सगळेच लावतात, त्यामुळे गोंधळ होतो.

क्वांग डो वेगळे. त्यांच्या बौद्ध संघावर नंतरच्या कम्युनिस्ट सरकारने बंदी घातली, १९८२ मध्ये त्यांना आईसकट उत्तरेतल्या थाय बिन्ह प्रांतात हद्दपार केलं आणि आई तिथेच वारली, हे वाचून मला खरंच गलबलून आलं. पुढे मेकाँग नदीकाठच्या पूरग्रस्तांना मदत न्यायला निघाले म्हणून १९९५ ला ५ वर्षांची शिक्षा, नंतर मठातच नजरकैद. तरी अहिंसा सोडली नाही. मानवी हक्कांसाठीचा नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार २००६ ला मिळाला, नोबेलसाठी नावही अनेकदा गेलं, पण मिळालं नाही.

आणि ते २२ फेब्रुवारी २०२० ला वारले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, शिवाय नाव खासदार, प्राध्यापक, आधीचे विजेते असे ठरावीक लोकच सुचवू शकतात, फॉरवर्डने काही होत नाही.

तेव्हा प्लीज तो मेसेज थांबवा, जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.